मौद्याहून सातपुड्याकडे : उन्हाळ्यातील रस्ता आणि डोंगरवाटा

वैदर्भीयांना उन्हाळ्याची ओळख करून देण्याची गरज नाही. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. मे २०२४ च्या अखेरीस शहरातील एका स्वयंचलित यंत्राने चक्क ५६ अंशांचा आकडा दाखविला. पुढे तो यंत्राचा दोष ठरला, पण तो आकडा क्षणभर खरा वाटावा अशीच हवा त्या दिवसांत होती. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा सुरू होतो. भंडारा मार्गावरील मौद्यासारख्या गावी तर झाडांची सावली आटलेली, डांबर मऊ झालेले आणि कन्हानच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक, असे दृश्य असते. अशा वेळी शाळांना सुट्या लागतात आणि घराघरांत तोच प्रश्न निघतो. यंदा कुठे?

वर्तमानपत्रांच्या पुरवण्या या प्रश्नाला गेली काही वर्षे नॉर्वे, स्कॉटलंड, आइसलँड अशी उत्तरे देत आहेत. स्वतः मोटार चालवीत जायचे, वाटेत मुक्काम करायचे आणि सकाळी बूट घालून डोंगर चढायचा, ही उत्तर युरोपातील उन्हाळी सहलीची रीत. ती आकर्षक आहे यात शंका नाही. पण याच रीतीने करता येण्याजोगा प्रवास मौद्याच्या दारातून सुरू होतो आणि सुमारे ३०० किलोमीटरवर सातपुड्याच्या सर्वोच्च शिखराखाली संपतो, ही गोष्ट आपल्याकडील अनेकांच्या ध्यानी येत नाही. पचमढीजवळील धूपगडाची उंची १,३५० मीटर आहे. ब्रिटनमधील सर्वांत उंच पर्वत म्हणून ज्याचा बोलबाला आहे तो स्कॉटलंडचा बेन नेव्हिस १,३४५ मीटरचा. पाच मीटरचा का होईना, पण वरचष्मा आपला!

अर्थात या तुलनेला एक मेख आहे. बेन नेव्हिस चढणारा जवळजवळ समुद्रसपाटीपासून पायी निघतो. पचमढीचे पठारच १,०६७ मीटरवर असल्याने धूपगडाची बहुतेक चढण मोटारीच्या चाकांनीच पार पडलेली असते. पायांना मिळते ते उरलेले अडीच-तीनशे मीटर. मात्र चौरागडाच्या वाटेवर ही तक्रार कोणी करीत नाही.

नदीच्या मागे मागे

मौदा हे कन्हान नदीच्या काठचे गाव. नागपूरपासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, म्हणजे ज्याला जुनी मंडळी अजून ‘सहा नंबर’ म्हणतात त्या रस्त्यावर. औष्णिक वीज केंद्रामुळे अलीकडे गावाचे नाव सर्वतोमुखी झाले. कन्हान येथून पुढे जाऊन अंभोऱ्याला वैनगंगेत मिळते, हे सर्वांना माहीत असते. ती येते कोठून, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. कन्हान आणि तिची उपनदी पेंच या दोघींचा उगम छिंदवाडा जिल्ह्यातील सातपुड्यात आहे. कामठीजवळच्या बिना संगमावर त्या एकत्र येतात आणि मग मौद्याकडे वळतात. नागपूर शहर पिते ते पाणी प्रामुख्याने याच दोन नद्यांचे. म्हणून जाताना कन्हानच्या बाजूने आणि परतताना पेंचच्या बाजूने, असा फेरा आखला तर सहलीला एक अर्थ येतो. शिवाय एकच रस्ता दोनदा पाहावा लागत नाही.

मौद्याहून पहाटे चारला निघावे. ही सूचना अतिशयोक्त वाटेल, पण मे महिन्यात तिला पर्याय नाही. सूर्योदय साडेपाचच्या सुमारास होतो आणि दहा वाजता वारा पोळू लागतो. त्यापूर्वी छिंदवाडा गाठणे हे पहिल्या दिवसाचे उद्दिष्ट. नागपूरला बाहेरच्या वळणरस्त्याने बगल देऊन सावनेरचा मार्ग धरावा. सावनेरपर्यंत महामार्ग ४७ आणि तेथून छिंदवाड्याकडे ५४७ क्रमांकाचा महामार्ग आहे.

राज्याची सीमा ओलांडल्यावर भाषेत मात्र फरक पडत नाही. सौंसरच्या बाजारात मराठीच ऐकू येते, पाट्यांवरील आडनावे आपल्याकडचीच असतात आणि संत्र्यांच्या बागाही तशाच. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा मराठी भाषकांचा पट्टा मध्य प्रदेशात गेला. २०२३ मध्ये सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला. सौंसरजवळ जामसावळीचे हनुमान मंदिर आहे. तेथील मूर्ती निद्रिस्त असल्याने शनिवार-मंगळवारी नागपूरकरांची गर्दी असते. त्या दोन दिवशी प्रवास असेल तर वेळेचा हिशेब थोडा सैल ठेवावा.

सौंसरनंतर रामाकोन्याला एक नदी आडवी येते. ती कन्हानच. सकाळी मौद्यात सोडलेली नदी येथे पुन्हा भेटते, पण रुंदीने निम्मी आणि खडकाळ. पुढे सिल्लेवानीचा घाट सुरू होतो. मे महिन्यात या घाटातले सागवान पार निष्पर्ण असते. डोंगर उघडेबोडके, करड्या रंगाचे आणि पायाखाली वाळक्या पानांचा थर. हे दृश्य रुक्ष वाटले तरी लक्षात ठेवावे, कारण पचमढीच्या पठारावर गेल्यावर याच्या नेमके उलट चित्र दिसणार आहे. येथून कधीकाळी नॅरोगेज रेल्वेही डोंगर चढत असे. सातपुडा रेल्वेचा तो नागपूर-छिंदवाडा टप्पा २०१५ मध्ये बंद झाला आणि त्याचे रुंदीकरण करण्यात आले. छोट्या गाडीत खिडकीशी बसून सीताफळे खात छिंदवाड्याला गेलेल्यांची एक पिढी आजही नागपुरात आहे. तिची हळहळ समजण्यासारखी आहे, पण त्या गाडीच्या वेगाने आज कोणी प्रवास करील असे वाटत नाही.

छिंदवाडा हे विसाव्याचे ठिकाण. नाश्ता, इंधन, टायरमधील हवा आणि रेडिएटरचे पाणी, हे सर्व येथेच उरकून घ्यावे. पुढे परासिया हे कोळशाच्या खाणींचे गाव लागते. त्यानंतर वस्ती विरळ होत जाते आणि मोबाइलचे नेटवर्कही.

पाणलोट आणि पाताळ

परासिया ते तामिया या टप्प्यात आपण एक अदृश्य रेषा ओलांडतो. रेषेच्या दक्षिणेला पडलेला पाऊस कन्हान-पेंचमार्गे वैनगंगेत, तेथून प्राणहिता-गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जातो. उत्तरेला पडलेला पाऊस नर्मदेला मिळून अरबी समुद्राला. रस्त्याच्या कडेला याची पाटी नाही. असायला हवी होती.

तामिया साधारण पचमढीइतक्याच उंचीवर आहे. विश्रामगृहाच्या कठड्यावरून दिसणारी दरी पाहण्यासाठी तरी अर्धा तास थांबावे. जवळच पातालकोट आहे. घोड्याच्या नालासारख्या कड्यांनी वेढलेल्या या खोल खोऱ्यात भारिया आणि गोंड समाजाची डझनभर गावे वसलेली आहेत. दूधी नदीचा उगमही येथलाच. येथील चारोळी आणि वनौषधी प्रसिद्ध आहेत. पर्यटन पुस्तिकांतून पातालकोटचे वर्णन ‘जगापासून तुटलेले लोक’ अशा थाटात केले जाते. हे वर्णन आता खोटे आहे आणि अपमानकारकही. खोऱ्यात रस्ता गेला आहे, शाळा आहेत, तेथील तरुण मजुरीसाठी नागपूरपर्यंत येतात. कड्यावरून खाली उतरायचे असेल तर स्थानिक वाटाड्या घ्यावा, त्याचे पैसे आधी ठरवावेत आणि कोणाच्या अंगणात विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये. मे महिन्यात भर दुपारी पातालकोट उतरणे मात्र निखालस वेडेपणा होय. उतरताना काही वाटत नाही. वर येताना कडा तापलेल्या तव्यासारखा असतो.

तामियाहून देलाखारी, झिरपा करीत मटकुलीला पोहोचले की डावीकडे पचमढीचा घाट लागतो. देनवा नदी ओलांडल्यावर तीस किलोमीटरच्या आत ही चढण संपते. वळणे अवघड नाहीत, पण सलग आहेत. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून राहण्याऐवजी खालचा गिअर वापरावा, हे सांगण्याची गरज पडू नये. तरी दर उन्हाळ्यात ब्रेक तापून धूर निघत असलेल्या गाड्या या घाटाच्या कडेला उभ्या दिसतात.

नागपूरचे गेलेले थंड हवेचे ठिकाण

पचमढी आज नर्मदापुरम जिल्ह्यात आहे. २०२२ पर्यंत या जिल्ह्याचे नाव होशंगाबाद होते. पण एक काळ असा होता की उन्हाळा लागला की नागपूरचे सरकारच येथे मुक्कामाला येई. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला, नागपूर त्याची राजधानी झाली आणि पचमढी उन्हाळी राजधानी. जुने बंगले, चर्च, क्लब, राजभवन ही त्याच काळाची देणगी. छावणी अजूनही आहे. सैन्याच्या शिक्षण विभागाचे केंद्र येथे आहे.

वैदर्भीय राजकारणातले एक गाजलेले प्रकरणही येथेच घडले. १९३७ च्या निवडणुकीनंतर डॉ. ना. भा. खरे मध्य प्रांताचे पंतप्रधान झाले. मंत्रिमंडळातील मराठी व हिंदी भागांतील मंत्र्यांचे बेबनाव विकोपाला गेले, तेव्हा मे १९३८ मध्ये काँग्रेसच्या वरिष्ठ नेत्यांनी पचमढीला समेट घडवून आणला. हा ‘पचमढी समझोता’ दोन महिनेही टिकला नाही. जुलैमध्ये डॉ. खरे यांना पायउतार व्हावे लागले आणि पंडित रविशंकर शुक्ल यांच्याकडे सूत्रे गेली. थंड हवेने माणसांची डोकी थंड होतात, हा समज तेव्हाच निकालात निघायला हरकत नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, भोपाळ मध्य प्रदेशची राजधानी झाली आणि पचमढी नागपूरकरांसाठी परराज्यातले गाव ठरले.

पचमढीचा ‘शोध’ कॅप्टन जेम्स फोर्सिथ याने लावला, असे सर्व मार्गदर्शक पुस्तिका सांगतात. त्यांत १८५७ हे साल छापलेले आढळते. फोर्सिथने येथे बांधलेले ‘बायसन लॉज’ १८६२ चे आहे आणि मध्य भारतातील डोंगराळ प्रदेशावरचे त्याचे पुस्तक १८७१ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु शोध लागण्याइतके हे पठार हरवलेले कधीच नव्हते. कोरकू आणि गोंड येथे नांदत होते, महादेवाची यात्रा भरत होती. ऑक्टोबर १८५८ मध्ये तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात शिरले तेव्हा येथील कोरकू जहागीरदार भभूतसिंह त्यांच्या बाजूने उभा राहिला आणि पुढे त्याला फाशी झाली. जून २०२५ मध्ये मध्य प्रदेश मंत्रिमंडळाची बैठक त्याच्या स्मरणार्थ पचमढीत घेण्यात आली. डोरोथी डीप व इतर शैलाश्रयांतील चित्रे तर त्याहून कितीतरी जुनी आहेत.

उष्म्याचा हिशेब

पचमढीला जाणाऱ्यांचा एक भ्रमनिरास ठरलेला असतो. ते सिमल्याची अपेक्षा ठेवून येतात. हवेचे साधे गणित असे की दर हजार मीटर चढल्यावर तापमान सुमारे साडेसहा अंशांनी घटते. नागपूर ३१० मीटरवर आहे, पचमढी १,०६७ वर. म्हणजे फरक पडणार तो पाच अंशांच्या आसपास. खाली ४५ अंश असतील तर वर दुपारी ३८-४० अंश असणारच. खरा लाभ रात्रीचा आणि पहाटेचा आहे. काळोख पडताच पठार झपाट्याने निवते आणि पहाटे पाच वाजता अंगावर पातळ शाल घ्यावीशी वाटते.

दुसरा लाभ हिरवाईचा. पचमढीचे पठार हे साग आणि साल यांच्या सीमेवरचे ठिकाण आहे. सालाची मुख्य जंगले पूर्वेकडे मंडला-बालाघाटच्या बाजूला. पचमढीचे सालवन त्यांपासून तुटून एखाद्या बेटासारखे राहिले आहे. सागाला जेव्हा पान नसते तेव्हा सालाला नवी पालवी आलेली असते. सिल्लेवानीचा करडा घाट पाहून आलेल्या डोळ्यांना हा पालट विलक्षण वाटतो. झाडांवर नजर ठेवली तर शेकरूही दिसतो.

मग चालायचे कधी? पहाटे साडेपाच ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाचनंतर. मधला वेळ खोलीत, ग्रंथ घेऊन किंवा झोपून काढावा. नॉर्वेत उन्हाळी दिवस संपता संपत नाही आणि उत्तरेकडे तर मध्यरात्रीही सूर्य असतो, म्हणून तेथे जेवून उठल्यावरही डोंगर चढता येतो. आपल्याकडे मे महिन्यातले डोंगर चढण्यायोग्य तास दिवसाला सहा-सातच. ही मर्यादा मान्य करणाऱ्याची सहल चांगली होते. न मानणाऱ्याची रुग्णालयात संपू शकते.

चौरागड, धूपगड आणि इतर वाटा

डोंगर चढायला म्हणून येणाऱ्याने पहिली सकाळ चौरागडाला द्यावी. पचमढीहून बडा महादेव गुहेपर्यंत वाहन जाते. तेथून पायवाट आधी खाली उतरते, मग चढते आणि अखेरीस सुमारे तेराशे पायऱ्या लागतात. एकूण अंतर तीन-चार किलोमीटरच, पण पायऱ्यांची उंची एकसारखी नाही आणि शेवटचा टप्पा उघड्या खडकावरचा आहे. माथा तेराशे मीटरच्या वर आहे. वर शंकराचे मंदिर आणि त्याभोवती त्रिशूळांचे अक्षरशः रान उभे आहे. हाताएवढ्या त्रिशुळापासून चार-चार माणसांनी खांद्यावर वाहून आणलेल्या लोखंडी त्रिशुळांपर्यंत सर्व प्रकार तेथे दिसतात.

हे त्रिशूळ बव्हंशी विदर्भातून आलेले आहेत. महाशिवरात्रीला नागपूर, भंडारा, वर्धा, अमरावतीकडील भाविकांचे जथे, ज्यांना आपल्याकडे ‘पोहा’ म्हणतात, डफाच्या तालावर महादेवाची गाणी म्हणत चौरागडाला जातात. मौदा परिसरातही ज्यांच्या आजोबांनी ‘मोठा महादेव’ पायी केला आहे अशी कुटुंबे आहेत. श्रावणात नागपंचमीच्या आधी नागद्वारची यात्रा भरते. ती पावसातली, घसरड्या वाटांची आणि काजरी, पद्मशेष अशी स्थाने घेत दिवसभर चालविणारी आहे. एरवी तो भाग व्याघ्र प्रकल्पाच्या कडक नियमांखाली असतो; यात्रेच्या मोजक्या दिवसांतच वाट खुली होते. म्हणजे पर्वतभ्रमणाचा छंद आपल्याकडे परदेशातून आला, असे मानण्याचे कारण नाही. आपल्या पूर्वजांनी त्याला नवस म्हटले, एवढाच फरक.

जाता जाता एक खुलासा. गोंड राजा संग्रामशहाचा चौरागड किल्ला म्हणून जो इतिहासात प्रसिद्ध आहे तो नरसिंहपूर जिल्ह्यात गाडरवाड्याच्या बाजूला आहे. नामसाम्यामुळे दोन्हींची गल्लत नेहमी होते, क्वचित छापील माहितीतही.

धूपगडासाठी दुसरा दिवस राखावा. खासगी वाहनांना या भागात प्रवेश नाही. नोंदणी झालेली स्थानिक जिप्सी करावी लागते आणि प्रवेशपत्रही. बहुतेक पर्यटक सूर्यास्ताला जातात. त्या वेळी माथ्यावर जत्रेचे स्वरूप येते, आणि सूर्य बुडताच सर्व गाड्या एकदम खाली सुटतात. चालण्याची आवड असणाऱ्याने वनखात्याच्या परवानगीने व वाटाड्यासह सकाळी जावे. पूर्वेकडे सूर्य वर येत असताना चौरागडाचा आणि महादेवाचा डोंगर ज्या स्पष्टतेने दिसतो, तशी स्पष्टता धुळीच्या संध्याकाळी मिळत नाही. येथील तांबूस वालुकाश्म ट्रायासिक काळातला आहे. ज्या ‘गोंडवन’ खडकांवरून एका प्राचीन महाखंडाचे नाव पडले, त्याच कुळातला हा दगड.

बी फॉल, अप्सरा विहार, रजत प्रपात, हांडी खोह, जटाशंकर ही ठिकाणे प्रत्येक पुस्तिकेत आहेत, म्हणून त्यांचा विस्तार नको. रजत प्रपात मेमध्ये धाग्याएवढा उरतो, तो पाहायचा तर पावसाळ्यानंतर. बी फॉलला पाणी असते, पण खाली उतरण्याच्या पायऱ्या परतताना चढाव्या लागतात हे दुपारी तेथे जाणाऱ्यांना उशिरा उमगते. पूर्वीचा फोर्सिथ पॉइंट आता प्रियदर्शिनी पॉइंट म्हणून ओळखला जातो.

ज्यांना राज्याबाहेर जायचे नाही त्यांना चिखलदरा आहेच. तेथील वैराट १,१७७ मीटर उंच आहे आणि १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने घेतलेला गाविलगड पाहण्यासारखा आहे. परंतु मौद्याहून अंतर जवळपास तेवढेच पडते आणि पायी फिरण्याच्या वाटा पचमढीला अधिक, असे आमचे मत आहे.

जंगल कोणाचे?

नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने पडीक व डोंगराळ जमिनीवर कोणालाही मुक्तपणे चालण्याचा हक्क आहे. घरापासून दीडशे मीटर अंतर राखून तंबूही ठोकता येतो. तेथून आलेल्यांना आपल्याकडची प्रवेशपत्रे, फाटके आणि सक्तीची जिप्सी जाचक वाटतात. पण दोन्हीकडचा इतिहास वेगळा आहे. पचमढीच्या पायथ्याचे बोरीचे जंगल १८६५ मध्ये राखीव झाले. देशातील पहिल्या राखीव वनांत त्याची गणना होते. ते राखले गेले सागासाठी, आणि त्यात पहिला निर्बंध आला तो कोरकू-गोंडांच्या शेतीवर. पुढे १९८१ मध्ये सातपुडा राष्ट्रीय उद्यान झाले, व्याघ्र प्रकल्प आला, १९९९ मध्ये जीवावरण राखीव क्षेत्र जाहीर झाले आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत त्याचा समावेश झाला. गाभा क्षेत्रातील अनेक गावे उठवून बाहेर वसविण्यात आली. ज्या वनासाठी कोणी आपले घर सोडले, तेथे पर्यटकाने दोनशे पावलांवर गाडी थांबवावी लागते म्हणून कुरकुर करणे शोभत नाही.

उन्हाळ्यात सर्वांत मोठे भय वणव्याचे. मोहफुले वेचताना आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात लागलेल्या आगींची चर्चा होते. पर्यटकाच्या सिगारेटची होत नाही. वाळक्या सागपानांवर एक ठिणगी पुरते. वाटेत चूल मांडून स्वयंपाक करण्याची आपल्याकडील हौस या रस्त्यावर तरी आवरावी. माकडांना खाऊ घालण्याची हौसही. चौरागडाच्या पायऱ्यांवर पिशव्या हिसकणारी माकडे जन्मतः चोर नव्हती.

पेंचच्या बाजूने परत

परतीसाठी छिंदवाड्याहून महामार्ग ३४७ ने सिवनी गाठावे. वाटेत चौराई लागते. येथील माचागोरा धरणाने पेंचचे पाणी अडविल्यावर तोतलाडोह जलाशयात येणारी आवक घटली आणि २०१८-१९ मध्ये नागपूरला पाणीटंचाईची झळ सोसावी लागली. दोन राज्यांतला हा प्रश्न केवळ बातमीत वाचणाऱ्यांनी एकदा प्रत्यक्ष त्या नदीवरून जावे. छिंदवाड्याच्या शेतकऱ्यालाही तेच पाणी हवे आहे, हे तेथे गेल्यावर दिसते.

सिवनीपासून महामार्ग ४४. ‘जंगल बुक’मुळे सिवनीचे नाव जगभर गेले, पण किपलिंगने हे जंगल स्वतः पाहिले नव्हते. खवासा ओलांडून महाराष्ट्रात शिरल्यावर मनसरपर्यंतचा रस्ता पेंचच्या वन्यजीवांच्या वाटा छेदतो. येथे रस्ता खांबांवर उचलून खालून प्राण्यांसाठी मार्ग ठेवले आहेत. असे ९ मार्ग असून सर्वांत लांब ७५० मीटरचा आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघासह १८ जातींचे प्राणी त्यांतून जाताना टिपले गेले. वरून ताशी ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्याला खाली काय चालले आहे याचा पत्ताही लागत नाही.

मनसरहून रामटेक आणि रामटेकहून मौदा, एवढा शेवटचा टप्पा. वेळ असेल तर रामगिरी चढून जावा. कालिदासाने मेघदूतात वर्णिलेला रामगिरी तो हाच, अशी परंपरा आहे. जवळचे नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. खरे तर या सहलीची तालीमही रामटेकलाच करावी. निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे रविवारी पहाटे गडाच्या पायऱ्या चढून-उतरून पाहिल्या की चौरागड कोणाला झेपेल आणि कोणी खाली गुहेपाशी बसावे, हे घरातच ठरते.

काही व्यवहाराच्या गोष्टी

जाण्याचे अंतर सुमारे ३००, परतीचे सव्वातीनशे किलोमीटर. तीन मुक्काम तरी हवेत. मेमधील शनिवार-रविवारी खोल्या मिळणे कठीण, म्हणून आधी आरक्षण करावे. रेल्वेने जाणाऱ्यांना पिपरिया हे स्थानक जवळचे. तेथून पचमढी सुमारे ५० किलोमीटर आहे.

डोंगरावर माणशी किमान दोन लिटर पाणी न्यावे. जलसंजीवनीची पाकिटे नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ती करता येते. पन्हे आणि ताक उत्तमच. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, ही समजूत निरुपद्रवी आहे, पण तिच्या भरवशावर डोक्याचा दुपट्टा सोडू नये. चालताना कोणी असंबद्ध बोलू लागले, अंग तापून घाम थांबला, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत निजवून, कपडे सैल करून, पाण्याने अंग भिजवीत वारा घालावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये आणि तातडीने दवाखाना गाठावा. बंद मोटारीत मुलांना पाच मिनिटेही ठेवू नये.

नॉर्वेतील गिर्यारोहकांना शिकविल्या जाणाऱ्या नऊ नियमांपैकी एकाचा आशय असा की, वेळीच माघारी फिरण्यात लाज नाही. तो नियम तेथे बर्फाच्या वादळासाठी आहे. चौरागडाच्या पायऱ्यांवर सकाळचे दहा वाजले आणि माथा अजून दूर असला, तर तोच येथेही लागू करावा. लिंबूपाणीवाले तोवर आपली दुकाने सावलीत हलवू लागलेले असतात.